आत्याबाईंना बीडची टेकडी दाखवली तेव्हा

बीडजवळच्या टेकडीवरच्या वनोद्यानाबद्दल परवा एका वाचक मैत्रिणीनं विचारलं. मी तिथे एकदाच गेले आहे, शहाण्णव सालच्या जानेवारीत. तेव्हाचंच सांगते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही पुण्याहून उमापूरला गेलो होतो. कार्य उरकल्यावर मी त्यांना विचारलं, कुठे देवाला जाऊन यायचं का. देवाला नको, बीडच्या टेकडीवर ने, म्हणाल्या. तिथे आता झाडी वाढवून बाग केली आहे, असं त्यांनी बाजारात ऐकलं होतं. माझा नवरा सुधाकर घरच्या कामांत अडकलेला, म्हणून आम्ही दोघीच निघालो.

गेवराईपर्यंत खचाखच भरलेली जीप, पुढे एसटी, आणि बीडच्या स्टँडवरून रिक्षा. एरवी प्रवासात शेजारणीची सगळी चौकशी करणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी गप्प होत्या.

पायथ्याशी एसटीडीचं पिवळं खोकं आणि थंड पेयाची नवी लाल पाटी. फाटकावर दोन रुपये तिकीट. वर पाणी मिळत नव्हतं, तेव्हा सोबत न्यावंच. चढ सोपा, पण मुरमावरून पाय घसरतो. कडुनिंब, करंज, मधे सीताफळीची झुडपं. पानगळ झालेली, तरी सावली होती.

अर्ध्या चढावर त्या थांबल्या. झाडांमधून एक लांबच लांब चर गेला होता, पाचोळ्यानं भरलेला.

"हे आमी खांदलेलं हाय," त्या म्हणाल्या.

मग तिथेच उभं राहून त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या आणि सासरे या कामावर होते, पायथ्याशी पाल टाकून राहिलेले. सुधाकर तीन वर्षांचा, त्याला मामाकडे ठेवलेलं. अंगावर पिणारी मुलगी मात्र सोबत होती. तिला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. सासऱ्यांनी तिला याच उतारावर पुरलं, वर धोंडा ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा कामावर गेले.

"सुध्याला सांगायचं न्हाई म्हणले. घरात नाव काढायचं न्हाई. ते व्हते तवर मी न्हाई काढलं."

आम्ही वाट सोडून धोंडा शोधायला लागलो. धोंडे पुष्कळ होते. तासाभरानं खाकी शर्टातला एक वयस्कर वनमजूर आला आणि आत फिरायला मनाई असल्याचं म्हणाला. मी त्याला कारण सांगितलं. मग तोही आमच्याबरोबर शोधू लागला. रोपं लावताना या उतारावर सगळीकडे खड्डे घेतले, धोंडे बांधाला लावले, जागा आता सापडायची नाही, हे त्यानं हळूहळू सांगितलं.

आत्याबाईंनी त्याला विचारलं, "खड्डे घेताना काई लागलं व्हतं का?"

तो खाली वाकून पाचोळा सारू लागला. "न्हाई मावशी. काईच न्हाई."

तो खरं बोलला की नाही, मला माहीत नाही. आत्याबाईंनी मान हलवली. एका करंजाखाली बसून त्यांनी धपाट्यांचं फडकं सोडलं आणि आधी त्याच्या हातावर दोन धपाटे ठेवले. वरच्या माथ्यावरून बीड शहर चांगलं दिसतं म्हणतात. आम्ही तिथवर गेलो नाही.

उमापूरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सुधाकर जेवायला बसला होता. आत्याबाईंनी हातपाय धुतले, त्याच्यासमोर बसल्या आणि सगळं सांगितलं. त्याचा हात ताटातच थांबला. इतकी वर्षं का सांगितलं नाही, असं तो विचारेल या भीतीनं मी चुलीपाशीच उभी राहिले.

त्यानं एवढंच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"शेवंता," त्या म्हणाल्या. "लई गोरी व्हती."

आत्याबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. टेकडीवरची झाडी आणखी वाढली असेल. त्या दिवसापर्यंत सुधाकर स्वतःला एकुलता एक म्हणवायचा. आता भावंडांचं कुणी विचारलं, की तो सांगतो, मला एक बहीण होती, शेवंता.