सतरा रुपये सत्तर पैसे

बोईसरच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायकांच्या जागा ठरलेल्या असतात. जागा सासूकडून सुनेकडे येते आणि तिच्यावरून झालेली भांडणं दोन-दोन पिढ्या पुरतात. त्यामुळे सातपाटीच्या पारूने सासूपासून चालत आलेली सावलीची जागा सोडून रस्त्यापलीकडे, भर उन्हात, बँकेच्या एटीएमसमोर टोपली मांडली, तेव्हा बाकीच्या जणींनी ओळखलं, हिचं डोकं फिरलं. दोन दिवस त्यांनी हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी तिची जागा आपापसात वाटून घेतली.

पारूचं डोकं ठिकाणावर होतं. ती नवऱ्याची वाट बघत होती.

शांताराम भादव्यात, गौरी-गणपती झाल्यावर, आनंदा तांडेलाच्या बोटीवर गेला होता. चौथ्या दिवशी पहाटे पाळी बदलायला दुसरा गडी वर आला तर शांताराम नव्हता. त्याच्या चपला तेवढ्या होत्या. बारा दिवस सातपाटीच्या बोटींनी समुद्र धुंडाळला. तेराव्या दिवशी आनंदा चपला घेऊन पारूच्या दारात आला आणि मान वर न करता म्हणाला की आता पुतळा करायला हवा. देह सापडला नाही की गवताचा माणूस करून त्यालाच अग्नी द्यायचा, मग दहावं. पारूने चपला घेतल्या, दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि पुतळ्याला नाही म्हणाली.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, ती गावाला ठाऊक नव्हती. बोट सुटायच्या आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं. तिला बर्फवाल्याचे पाचशे द्यायचे होते. ह्याच्याकडे मागितले तर हा म्हणाला, नाहीत. दोन वर्षं बोईसरच्या कारखान्यात हेल्परी केली, तीही सोडून परत बोटीवर गेला, ह्याचा राग तिच्या पोटात होताच. ती बोलून गेली, "पैशे नसतील तर घरात तोंड दाखवू नको." तो उठून बाहेर गेला, ती झोपल्यावर परतला. पहाटे ती उठायच्या आत गेला.

म्हणजे शांताराम बुडाला नव्हता, रुसला होता. दुसऱ्या कुठल्या तरी बोटीने त्याला उचललं असेल, कुठे तरी किनाऱ्याला उतरवलं असेल आणि आता तो बायकोला तोंड दाखवत नसेल. पारूने मनात असं बसवून टाकलं. आणि तिच्याकडे पुरावा होता, त्याचं पासबुक.

कारखान्याचा पगार जमा व्हायचा ते बोईसरचं खातं. कार्ड शांतारामच्या पाकिटात आणि पासबुक तिच्या पत्र्याच्या पेटीत. बँकेच्या दारातल्या मशीनमध्ये तिने ते घातलं, मशीन करकरलं आणि ओळी छापून बाहेर आल्या. तिला आकडे वाचता येत, इंग्रजी येत नसे. रखवालदाराला दाखवलं तर तो म्हणाला, "पैसा निकला है, चाची." कुणी काढला विचारलं, तर म्हणाला, जिसका खाता है वही निकालेगा, और कौन. पारू तिथेच पायरीवर बसली. म्हणजे तो जिवंत होता.

तेव्हापासून ती एटीएमसमोर बसू लागली आणि त्या आकड्यांवरून नवऱ्याचे दिवस ओळखायला लागली. सतरा रुपये सत्तर पैसे म्हणजे चहा आणि बिडीचं बंडल. एकशे अठरा गेले, म्हणजे खानावळीत जेवला. बोट सुटायच्या दिवशी नवऱ्याला शिधा बांधून द्यायचा ही त्यांच्यातली रीत. तांदूळ, चहापत्ती, साखर, बिड्या. हिने त्या रीतीने दर उधाणाला, म्हणजे पंधरवड्याला, त्याच्या खात्यात दोनशे-तीनशे भरायला सुरुवात केली. एकदा पाचशे भरले आणि दुसऱ्याच दिवशी त्यातले दोनशे छत्तीस गेले. म्हणजे तो पैशांची वाटच बघत होता. त्या दिवशी ती एटीएमच्या काचेपलीकडल्या प्रत्येक पाठीकडे बघत संध्याकाळपर्यंत बसली. एक पाठ अगदी त्याच्यासारखी होती, डावा खांदा उतरलेला. ही मासे टाकून धावली. माणसाने वळून बघितलं, तो कुणी भलताच होता, आणि बिचारा घाबरून पन्नासची नोट पुढे करू लागला.

रोज एक चांगला पापलेट ती विकत नसे. गिऱ्हाईक म्हणेल ती किंमत द्यायला तयार असलं, तरी सांगे, तो ठरलेला आहे. संध्याकाळी तो घरी नेऊन तळी आणि ताटात वाढून ठेवी. सकाळी ताट तसंच असे. कधी कधी ओटीवर बिडीचा वास यायचा, म्हणजे तिला यायचा. केळव्याला दिलेली लेक मोनाली येई, आईला आपल्याकडे चल म्हणून विनवी. पारू पासबुकाबद्दल तिलाही बोलली नाही. बोललं की तो जागा बदलेल, अशी तिला भीती होती.

असे आठ महिने गेले. मे महिन्यात बँकेच्या दारातलं छपाईचं मशीन बिघडलं आणि पारूला प्रथमच आत खिडकीपाशी जावं लागलं.

खिडकीत भाग्यश्री मॅडम होती, सांगलीकडची, कामाला चटपटीत. पासबुक छापून देताना तिची नजर ओळींवर गेली आणि तिने सहज विचारलं की हे खातं कोण वापरतं. पारू म्हणाली, "नवरा वापरतो. लागतील तसे पैशे काढतो."

भाग्यश्रीने पुन्हा पानं चाळली.

"मावशी, मशीन शंभराच्या, पाचशेच्या नोटा देतं. सतरा रुपये सत्तर पैसे कुठलं मशीन देईल? हे कुणी काढलेले नाहीत. हे बँकेने कापलेत."

मग तिने एकेका ओळीवर बोट ठेवून समजावलं. कारखान्याच्या पगाराचं खातं असतं तोवर त्यात काही शिल्लक ठेवायची सक्ती नसते. पगार यायचा थांबला की ते साधं खातं होतं, आणि मग ठरलेली रक्कम नसली तर महिन्याला दंड कापतात, तो हा एकशे अठरा. दोनशे छत्तीस हा कार्डाचा वर्षाचा चार्ज. खात्यात पैसे नव्हते म्हणून तो थांबून राहिला होता, पाचशे आले तसा वसूल झाला. आणि सतरा सत्तर मोबाईलवर मेसेज पाठवतात त्याचे, दर तीन महिन्यांनी.

पारूने विचारलं, "मेसेज कंच्या मोबाईलवर?"

"त्यांच्याच. नंबर दिलाय ना खात्याला."

"तो मोबाईल तेच्या खिशात होता," पारू म्हणाली. "तो दर्यात हाय."

भाग्यश्रीचं बोट पासबुकावर तसंच राहिलं. आठ महिने बँक दर्याच्या तळाशी निरोप धाडत होती आणि त्याचे पैसे लावत होती. मागची रांग कुरकुरायला लागली. भाग्यश्रीने रांगेला थांबायला सांगितलं, बाहेर येऊन पारूला बाकावर बसवलं. हळू आवाजात सांगत राहिली. ह्या खात्यात आता एक रुपया भरू नका. तुमच्या नावाचं वेगळं खातं काढा, शिल्लक ठेवावी न लागणारं असतं ते मागा, लागत नसेल तर कार्ड आणि मेसेज दोन्ही नको म्हणून लिहून द्या. हे खातं बंद करायला पोलिसांचे, कोर्टाचे कागद लागतील, वेळ जाईल, पण वारस म्हणून तुमचं नाव आहे. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. पारूच्या डोळ्यांत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "तेनी सोताच्या हातानी काढलेले शेवटचे कंचे?"

भाग्यश्रीने पानं मागे उलटली. भादव्यातली तारीख, पालघरचं एटीएम, पाचशे रुपये. पूर्ण पाचशे, पुढे पैसे-बिसे काही नाहीत. बोट सुटली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

पारू त्या ओळीकडे बघत राहिली. बोट सुटली त्या सकाळी तिच्या बटव्यात पाचशेची एक नोट जास्त निघाली होती. आपलीच मोजायला चूक झाली असं समजून तिने ती बर्फवाल्याला दिली होती आणि विसरून गेली होती. म्हणजे तो भांडणानंतर उठून पालघरला गेला होता. होतं नव्हतं ते काढून आणलं आणि ती झोपेत असताना बटव्यात घालून निघाला. तो रुसलाच नव्हता. आणि जो रुसला नव्हता, तो जिवंत असता तर घरी आला असता.

घरी जाताना तिने त्या दिवशीचा पापलेट रखवालदाराला दिला. सातपाटीला उतरली ती थेट आनंदाच्या दारात गेली. आनंदा जाळं शिवत होता. तिला बघून उठला, बस म्हणाला. ती बसली नाही.

"पुतला कराया घ्या," ती म्हणाली. "माज्या डोक्यापेक्षा चार बोटं उंच. डावा खांदा जरा उतरता ठेवा. चपला मी आणून देते."