पोफळीच्या मापाचं अंग

माझ्या वडिलांचा वजनकाट्यावर विश्वास नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात नर्सने उभं केलंच तर ते आधी चपला काढायचे, मग टोपी, आणि काटा स्थिर व्हायच्या आत उतरून मोकळे व्हायचे. त्यांच्या मते माणसाचं खरं वजन एकट्या पोफळीला कळतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते चढायचे, शेंड्याशी पोहोचून जरा झुलायचे आणि ती किती कलते ते बघायचे. खाली आल्यावर आईला सांगायचे, "हाय तेवढाच हाय." आई म्हणायची, "मलाही एकदा चढवा, माझी कंबर कुठं हरवली ते तरी कळंल."

श्रीवर्धनात आमचं घर, घरामागे विहीर, विहिरीपासून पार समुद्राकडच्या दगडी गडग्यापर्यंत सुपारीची वाडी. सुपारीचं झाड म्हणजे पोफळ. नारळाच्या मानाने अगदीच किरकोळ, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं खोड आणि उंची मात्र आभाळात. बाबा पायांत दोरीचं कडं अडकवून वर जायचे, पिकलेला घड कापून दोराने खाली सोडायचे आणि मग खाली यायचेच नाहीत. वरच्या वर अंग झुलवायचे. पोफळ त्यांना घेऊन इकडे कलायची, तिकडे कलायची, आणि एका झोक्याला शेजारणीचा शेंडा हाताशी आला की ते तो धरून तिच्यावर जायचे. सुटलेली पोफळ सळसळत आपल्या जागी परत. असे ते विहिरीपासून गडग्यापर्यंत जमिनीला पाय न लावता पोहोचत असत.

मी खाली पालापाचोळ्यावर उताणी पडून हे बघायची. वाडीत उजेड खालपर्यंत कधी धड यायचाच नाही. वर हिरवं हलायचं, त्यातून बाबांचे पाय दिसायचे, मग नुसते पानांचे झाप दिसायचे, मग नुसता समुद्राचा आवाज. कित्येकदा मला तिथेच झोप लागायची आणि झोपेत पोफळी चालत असायच्या, बाबा एका जागी असायचे. अजूनही तसं स्वप्न पडलं की माझा दिवस चांगला जातो.

हे अंग त्यांनी सांभाळलं होतं, आणि तेही काहीही सोडल्याचा आव न आणता. सकाळी उठले की अनवाणी समुद्रावर, जीवना बंदराकडे तोंड करून चालायला लागायचे आणि होड्या दिसल्या की वळायचे. आल्यावर तांदळाची पेज, वर चिमूटभर मीठ. दुपारी भात, माशाचं कालवण, ताक. भात एकदाच घ्यायचे, कालवण कितीही वेळा. संध्याकाळचं जेवण दिवेलागणीच्या आधी, मग पडवीत सुपारी कातरत बसणं. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे यायचे तेव्हा ते ताटावर दोन्ही हात पसरून असे गोड हसायचे, की वाढणाऱ्यालाच पुढे जावंसं वाटायचं. वाडीतली खुरपणी उकिडवं बसून, विहिरीचं पाणी हाताने ओढून. व्यायाम हा शब्द त्यांनी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

फक्त सुपारी पाडायच्या दिवशी सगळा कायदा मोडायचा. त्या दिवशी सकाळीच आई भात टाकायची, आणि बाबा वाडीत बसून विरीवर जेवायचे. विरी म्हणजे पोफळीच्या झापाच्या बुडाशी असतं ते रुंद, मऊ सालपट. ते वाळून गळून पडतं, त्याचं आयतं ताट होतं. दुसऱ्यांदा भात मागायचे, तिसऱ्यांदाही. आम्ही चिडवायचो, आज काय, पोफळीच्या घरचं लग्न? ते मान हलवायचे आणि कालवलेला भात निवांत संपवायचे. त्या दिवशी त्यांचे खाण्याचे लाड होतात, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावला. घरात सगळ्यांची समजूत एकच होती की जड माणसाने पोफळ मोडते, म्हणून बाबा हलके राहतात. त्यांना हे कुणी विचारलंही नाही.

लहानपणी मीही चढायची. बुटक्या पोफळींवर, बाबा खाली उभे. पुढे मी मोठी दिसायला लागले तशी आत्याने आईला काहीतरी सांगितलं आणि आईने मला खाली बोलावलं. माझं छोटं कडं बाबांनी पडवीतल्या खुंटीला अडकवलं आणि ते तिथेच राहिलं.

मग मी शिक्षिका झाले, बोर्ली पंचतनला सासरी गेले, आणि शाळा मात्र श्रीवर्धनचीच मिळाली. आई गेल्यावर येता-जाता बाबांकडे डोकावायचं हा नेम झाला. त्यानंतर काही वर्षांनी ते मोठं वादळ आलं. दुपार सरली तेव्हा आमच्या वाडीत आभाळ दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे उभी राहून आख्खं आभाळ पाहिलं आणि मला रडू फुटलं. बाबा रडले नाहीत. आडव्या पडलेल्या पोफळींमधून ते एकदा गडग्यापर्यंत जाऊन आले. विहिरीजवळच्या कोपऱ्यात काही जुन्या पोफळी तेवढ्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याकडे बघायला त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

त्या दिवसापासून ते वाडीत जाईनासे झाले. नवी रोपं आम्ही लावली, पाणी घालायला माणूस ठेवला. बाबा पडवीत रस्त्याकडे तोंड करून बसत, वाडीकडे पाठ. समुद्रावर जाणं थांबलं. खाणं कमी झालं, आणखी कमी झालं. भाताचे चार घास, मग तीन. सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, जेवत नाहीत एवढंच. एवढंच!

इकडे माझं उलट चाललं होतं. शिक्षकांच्या खोलीत कुणाचा तरी वाढदिवस, कुणाच्या तरी मुलाचा निकाल, आणि काहीच नसेल तर चहाबरोबर खारी. शाळेला स्कूटरने जायचं, बाजारात स्कूटरने जायचं. नवरा म्हणायचा, तू मागे बसलीस की पुढचं चाक चढ बघून घाबरतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलायची नाही आणि तिसऱ्या दिवशी खारी खायची.

उरलेल्या पोफळींना सुपारी धरली, पिकून केशरी झाली. चढणारा माणूस मिळेना. एक जण आला तो लांब बांबू घेऊन. खालूनच घड ठोकायला लागला. सुपाऱ्या धबाधब पडत होत्या. पडवीत बाबांनी तो आवाज ऐकला, उठले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी दाराबाहेर उभी राहिले. बाबा असे हळूहळू संपत जाणार आणि मी जेवणाचे डबे पोचवत राहणार, हे मला तिथे स्वच्छ दिसलं. मला फार भीती वाटली. तेव्हाच मनात आलं की त्या कोपऱ्यात घरातलं कुणीतरी एका पोफळीवरून दुसरीवर गेलं, तर हा माणूस बघायला बाहेर येईल. नक्की येईल. आणि घरातलं कुणीतरी म्हणजे मीच होते.

शाळेत सांगितलं, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. नवऱ्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "विमा कुठल्या कपाटात आहे तेवढं दाखवून ठेव."

मी बाबांचं आयुष्य उचललं आणि अंगावर घातलं. भल्या पहाटे बोर्लीहून निघायची, श्रीवर्धनच्या वाळूवर चपला काढायची आणि चालायला लागायची. ओहोटीला वाळू ओली, घट्ट असते. धुक्यात समुद्र नुसता ऐकू येतो, होड्या येतात त्या एकदम समोर. त्या चालण्यात मला वेळेचं भान उरत नसे. कधी वाटायचं, पुढे बाबाच चाललेत, त्यांच्या पावलांत मी पाय टाकतेय. बाबांच्या घरी येऊन पेज. दुपारी भात एकदाच. दिवेलागणीच्या आधी जेवण. खारीचा डबा समोर आला की बाबांसारखे हात पसरून गोड हसणं. शाळा सुटल्यावर वाडीत जाऊन, पायांत नवं कडं अडकवून थोडंसं चढणं, उतरणं. तळहात सोलून निघाले, मग घट्ट झाले. अंगात कुठेतरी ती लहान मुलगी शाबूत होती, तिला सगळं आठवत होतं.

कुर्ते सैल झाले. बायका विचारायला लागल्या, काय करतेस गं? खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. आरशात वळून बघायला लागले. आधी रात्रीची भाकरी अर्धी केली, मग बंद केली. मग दुपारचा भातही निम्मा. हलकं होण्याची एक नशा असते. चालताना पाय वाळूला लागत नाहीत असं वाटायचं, डोक्यात मंद गुणगुण असायची, सगळं जग जरा दूर आणि सुंदर दिसायचं. पोफळीला माझा भारसुद्धा कळणार नाही, असं मी स्वतःला सांगायची.

बाबांकडे जेवायला बसलो की मजा व्हायची. मी त्यांना वाढायची, ते नको म्हणायचे. ते मला वाढायचे, मी नको म्हणायची. भाताचं भांडं दोघांमध्ये तसंच. एकदा ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुझं तोंड उतारलंय." मी म्हटलं, "तुमचं कुठं भरलंय?"

थंडीतल्या एका रविवारी सुपारी परत पिकली होती. आदल्या संध्याकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, हलकं राहावं म्हणून. पडवीत जाऊन खुंटीवरचं माझं जुनं कडं काढलं. "बाबा, आज सुपारी मी काढते." त्यांनी मान वळवली नाही. मी तशीच वाडीत गेले. नवरा दोराचं टोक धरून आधीच पांढराफटक उभा होता.

चढत गेले. अर्ध्यावर वारा लागला, आणखी वर समुद्र दिसला. सगळा समुद्र, सकाळच्या उन्हात, हळूहळू हलणारा. मला वाटलं मी लहान आहे आणि खाली पाचोळ्यावरही मीच झोपलेय आणि स्वतःला बघतेय. घड कापला, सोडला. नवऱ्याने तो झेलला. मग मी अंग झुलवायला सुरुवात केली. पोफळ कलली. शेजारणीचे झाप बोटांना लागले आणि निसटले. पुन्हा झोका घेतला. पुन्हा बोटांना नुसता वारा. अंगातला सगळा जोर लावला, तरी ती थोडी वाकायची आणि मला अलगद परत आणून उभी करायची. मोडेल याची भीती घेऊन आले होते आणि ती वाकायलाच तयार नव्हती. इतक्या महिन्यांचं सगळं फुकट गेलं, बाबाही आले नाहीत, असं वाटून मी खोडाला कपाळ टेकवलं.

"काय खाऊन चढलीस?"

खाली बघितलं. विहिरीच्या काठाशी बाबा उभे होते. अनवाणी, डोळ्यांवर हात धरून, वर बघत.

"काही नाही," मी वरून म्हटलं.

"मंग ती वाकंल कशी?" बाबा चांगलेच चिडले होते. किती दिवसांनी! "पाखरू बसल्यावं पोफळ वाकते व्हय? भात खाऊन चढायचं असतं. पोटात वजन न्हाय, अंगात जोर न्हाय, न् निघाली झुलायला!"

"पण तुम्ही तर जन्मभर कमी खाल्लंत!"

"कमी कुणी खाल्लं? बेतानं खाल्लं. ती मोडू नये न् वाकावी पण, एवढं. उतर खाली. दोन्ही हातांनी धर. सावकाश."

मी उतरले. सावकाश, दोन्ही हातांनी धरून, त्यांचा आवाज ऐकत. पाय जमिनीला लागले. बाबांनी माझ्या दंडाला धरलं आणि तिथेच खाली बसवलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, भात टाका." नवरा दोर टाकून जवळजवळ पळतच गेला. कालचं कालवण घरात होतंच.

भात येईपर्यंत बाबा कोपऱ्यातल्या पोफळींमधून फिरले. एकेकीच्या खोडावर हात ठेवत होते. नवी रोपंही पाहिली, एकाच्या बुडाशी उकिडवं बसून माती सारखी केली. गळून पडलेल्या विऱ्या उचलल्या, पुसल्या आणि तीन ताटं मांडली.

मी त्यांना वाढलं, नेहमीसारखे तीन-चार घास. ते खाऊन त्यांनी वर त्या पोफळीकडे बघितलं, बराच वेळ. मग डाव्या हाताच्या बोटांनी आपलं मनगट धरून पाहिलं. बोटं एकमेकांवर चढली, तरी मनगटाभोवती जागा उरत होती.

"माझ्या भारानं बी न्हाय वाकायची ती आता," ते म्हणाले आणि विरी माझ्यापुढे सरकवली. "वाढ."

मी त्यांना भात वाढला, आणि मग मलाही घेतला.