दादाच्या हातचा नारळ

आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी अंगणात आली की घरातल्या थोरल्याने नारळ द्यायचा आणि गुरवाने सगळ्या घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मागणं मागायचं. थोरला म्हणजे दादा. नोकरी मुंबईला, पण शिमगा चुकवणार नाही. नारळ धरून असा उभा राहतो, की देवच त्याच्याकडे काही मागायला आलाय! मी तीस वर्षं मागे उभा राहून त्याच्या टकलाचा भूगोल पाठ केलाय.

यंदा चार दिवस आधी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, ह्यांच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलात ठेवलंय. नारळ तुम्हीच द्या."

आता खरं सांगतो, आणि खरं मी वर्षातून एकदाच सांगतो. मला आनंद झाला. थोडाथोडका नव्हे, अख्खं दाभोळ बंदर उजळेल एवढा. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंतर.

मग चैन पडेना. कुंपणाचा धड असलेला दगडी गडगा पाडून पुन्हा रचला. पोफळींना एवढं पाणी घातलं की परसात होडी चालली असती. शेवटी बायकोला सांगून टाकलं.

"मनात आलं त्याला कोण काय करणार?" तांदूळ निवडत ती म्हणाली. मला हायसं वाटलं. "पण फोन ठेवल्यावर तुम्ही आरशासमोर नवी टोपी घालून बघत होतात. ती काय आपण होऊन डोक्यावर चढली?"

आनंद न बोलावता आला होता, कबूल. त्याला पाट मांडून बसवला मीच.

पालखी आली. गुरवाने विचारलं, "काय घालू गाऱ्हाणं?" भावकी कान देऊन उभी. मी आत माया शोधली. नेमकी तेव्हाच ती जागेवर नव्हती. ती येईस्तोवर थांबलो असतो तर पालखी पुढच्या वाडीत गेली असती.

"दादाला बरा कर. पुढच्या वर्षी हा नारळ त्याच्याच हातात असू दे."

गुरवाने ते देवाला ऐकवलं. "व्हय म्हाराजा!" अंगण दणाणलं. सगळ्यांत मोठा आवाज माझा. फक्त अर्धा श्वास उशिरा.

दादा हॉस्पिटलातून मुंबईच्या घरी गेला, तेव्हा त्याचा फोन आला. "काय रे, मनापासून मागितलंस ना माझ्यासाठी?"

"हो," म्हणालो. लगेच. एवढ्या लगेच, की त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला.