कचऱ्यातले बायोडाटे

"अजून कुठं काय दडवलंय का, ताई?"

लॅपटॉप उघडण्याआधी तो हे तीनदा विचारायचा. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा चष्म्यावरून बघत आणि तिसऱ्यांदा कानावरचा स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन. तिसऱ्या वेळी भलेभले गडबडायचे. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक मॅनेजर त्याच्यापुढे मान खाली घालून "डाउनलोडमध्ये थोडं आहे" असं कबूल करताना मी स्वतः पाहिलेत.

सावेडीत एक झेरॉक्सवाला आणि एक पिठाची गिरणी यांच्यामध्ये त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळच तो. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. गिरणीचं पीठ उडून मशीनमध्ये जाऊ नये म्हणून दाराला ओली चादर लावलेली. ती बाजूला सारून आत गेलं की टेबलामागे हा बसलेला. पारनेरकडच्या खेड्यातला, चाळिशी ओलांडलेला, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय ओढत चालणारा. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग लॅपटॉप. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जग बदलतं तसतसा ते फक्त स्क्रू ड्रायव्हर बारीक करत जातात.

लॅपटॉप रखडायला लागला की लोक त्याच्याकडे यायचे. तो जुनी डिस्क काढून नवी एसएसडी बसवायचा. आता दुसरे दुकानदार काय करतात, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवून मोकळे होतात. याला ते मान्य नव्हतं. "नव्या घरात जुनी जळमटं कशापायी न्यायची? इंडोज कोरी टाकायची," असं म्हणून तो विंडोजचा पेन ड्राइव्ह लावायचा आणि पहिल्यापासून सगळं नव्याने बसवायचा. त्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून एकेक फोल्डर दाखवायचा. हे पाहिजे का, ते पाहिजे का. शेवटी वहीचं पान पुढे करायचा. त्यावर आपण आपल्या हाताने लिहायचं, 'माझे सर्व काही काढून घेतले आहे. आत काही राहिले नाही.' खाली सही. तहसील कचेरीतसुद्धा इतकं गंभीर वाटत नाही हो!

आणि एवढं लिहून घेऊनही माणसावर विश्वास नाहीच. जुनी डिस्क तो पुसायचा नाही. कागदात गुंडाळून वर तारीख टाकून परत द्यायचा. "सव्वा महिना हिला हात लावायचा न्हाई. बाळंतीण जपत्यात तशी जपायची. सव्वा महिन्यात काय आठवलं तर या." बायका तर तोंडाला पदर लावून हसायच्या, पण डिस्क जपायच्या.

आता माझं सांगते. मी लग्नं जुळवते. घरातल्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप आणि भिंतीवर गणपती, एवढंच माझं वधूवर मंडळ. सगळे बायोडाटे त्या लॅपटॉपमध्ये. माझी स्वतःची एक पद्धत होती, तुम्ही हसाल, हसा. एखाद्याचं लग्न ठरलं की त्याचा बायोडाटा मी रिसायकल बिनमध्ये टाकायची. कायमचा पुसायची नाही. कारण साखरपुडे मोडतात. मोडला की बिनमधून उचलायचा आणि पुन्हा बाजारात! वर्षानुवर्षं हेच. माझ्या लेखी ती कचराकुंडी नव्हतीच, माळा होता.

त्या माळ्यावर मी आणखी एक जात टाकायची. ज्यांचं जमणार नाही असं मला बघताक्षणी वाटायचं, ते.

आणि त्यात हा होता.

ही गोष्ट घडली त्याच्या चार वर्षं आधी तो लाजत लाजत बायोडाटा घेऊन आला होता. फोटोतला शर्ट नवा, घडीच्या रेघा दिसत होत्या. अपेक्षांच्या रकान्यात एकच ओळ, 'बोलणारी पाहिजे.' मी चहा पाजला, गोड बोलले आणि तो गेल्यावर फाईल बिनमध्ये टाकली. अधू पाय, शेती नाही, दुकान भाड्याचं. मुलींच्या बापांना पुण्यात फ्लॅट पाहिजे, त्यांच्यापुढे हे स्थळ ठेवून माझीच किंमत कमी करून घेऊ का, असा माझा हिशेब. मी काही संत नाही.

पुढे वर्षभर तो अधूनमधून विचारायचा. "ताई, आपलं काय?" मी बिनदिक्कत ठोकून द्यायची, "श्रीगोंद्याला पाठवलंय." मग, "श्रीगोंद्याचं नाही जमत म्हणाले." मग, "राहुरीवाले कळवतो म्हणालेत." मग राहुरीवालेही नाही म्हणायचे. असे निम्म्या जिल्ह्याचे नकार मी खुर्चीतून न उठता तयार केले. वर्षभराने त्याने विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते.

आणि मग माझा लॅपटॉप रखडला. चालू करून मी वरणभात लावायची, तरी कुकरची शिट्टी आधी व्हायची. गेले त्याच्याकडे. त्याने तळाचे स्क्रू काढून गोळ्यांच्या डबीत ठेवायला घेतले आणि विचारलं, "अजून कुठं काय दडवलंय का, ताई?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? बिनमध्ये तीनशेच्या वर बायोडाटे आहेत म्हणावं, तर तो बिन उघडणार. बिन उघडला की त्याला तो स्वतः सापडणार. मी तीनही वेळा "छे हो" म्हटलं. वहीच्या पानावर लिहून दिलं, आत काही राहिले नाही. ठसठशीत सही केली.

दोन तासांत नवी डिस्क, कोरी विंडोज, लॅपटॉप असा पळायला लागला की मलाच दम लागला. जुनी डिस्क मी घरी आणून कपाटात पैठणीच्या घडीत खुपसली. सव्वा महिना झाला की मुळा-मुठेत टाकायची, असं ठरवलं. इथून मुळा-मुठा लांब, पण निर्धार पक्का होता.

पंधरा दिवसही झाले नसतील, कोपरगावहून एका मुलीच्या वडिलांचा फोन. मुलीचा साखरपुडा मोडलेला. मुलाकडच्यांनी ऐनवेळी गाडी मागितली आणि मुलीनेच नाही म्हणून सांगितलं. वडिलांचा आवाज असा झाला होता की ऐकवेना. "एक चांगलं स्थळ आलंय ताई. ती मंडळी उद्या दुसरीकडं बघायला चाललीत. आज संध्याकाळच्या आत बायोडाटा अन् पत्रिका पाठवा म्हणतात. माझा मोबाईल बदलला, माझ्याकडं काहीच नाही. तुमच्याकडं आहे ना?"

आहे म्हणाले. आणि मग आठवलं कुठे आहे.

आधी दिल्ली गेटजवळच्या एका दुकानात गेले. तो म्हणाला, ठेवून जा, परवा बघतो. झक मारत पुन्हा ती ओली चादर बाजूला सारली.

त्याने पैठणीच्या वासाची डिस्क हातात घेतली, वायरने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि वहीतलं माझं पान काढून माझ्यापुढे धरलं. मी सही दुसऱ्याची असल्यासारखी बघितली.

"एकच फाईल पाहिजे," मी म्हटलं. "कोपरगावची मुलगी. तेवढी काढा, बाकी असू द्या."

"तसं हुत न्हाई ताई. बिनमधी टाकलं की ह्यो फाईलचं नाव काढून घेतो. डिस्क जाग्यावर असली तर नाव दिसतं, भायेर काढली की नुस्ता डॉलरची खूण अन् नंबर ऱ्हातो. एक एक उघडून तोंड बघायचं, मगच कळंल कोन हाय." त्याने माझ्यासाठी स्टूल ओढलं. "बसा. तुमी नाव सांगा, म्या टाकतो."

झालं! बसले. एकेक बायोडाटा उघडायचा, मी नाव सांगायचं, तो टाइप करायचा. प्रत्येक वेळी उघडेपर्यंतचे ते दोन सेकंद मी गणपतीचं नाव घ्यायची. त्याला मात्र भलतीच मजा यायला लागली.

"निर्व्यसनी? ह्यो? ह्याच्या लॅपटॉपमधून म्या मावा झाडलाय ताई."

"उंची पाच फूट आठ? ह्या साडेपाच फुटी दारातनं वाकल्याबिगर येतो की हितं."

"गृहकृत्यदक्ष म्हंजी काय वो?"

"घरकाम येतं," मी म्हटलं.

"मग म्या बी हाय की!" असं म्हणून तो हसला, आणि मी घाईने पुढच्या फाईलकडे बोट दाखवलं.

पन्नास-पंचावन्न फायलींनंतर कोपरगावची मुलगी सापडली. पत्रिकेसकट तिची फाईल मी तिथल्या तिथे वडिलांना पाठवली. देवा, सुटले, म्हणून पर्स उचलली. "बास आता. उपकार झाले. बाकीच्यांची लग्नं झालीत, त्यांना काय करायचंय!"

"अर्धं काम म्या ठेवत न्हाई," तो म्हणाला. "बसा."

मी पाणी मागितलं, त्याने बाटली दिली. मी म्हटलं डोकं दुखतंय, त्याने पंखा माझ्याकडे वळवला. पुढच्या दहा मिनिटांत तो स्क्रीनवर आला. नव्या शर्टातला, घडीच्या रेघांसकट.

गिरणी चालू होती, नाहीतर माझं काळीज ऐकू गेलं असतं. त्याने मला नाव विचारलं नाही. स्वतःच टाइप केलं, बापाच्या नावासकट, सावकाश. मग म्हणाला, "ही कुठं टाकू ताई? जमलेल्यांत?"

मी पर्सची चेन उघडली, मिटली.

"किती ठिकाणी दाखवली हुती?"

खोटं बोलणं हा माझा अर्धा धंदा आहे. पण त्या दिवशी जीभच वळेना. "एकाही ठिकाणी नाही," मी म्हटलं.

"श्रीगोंदा?"

"नाही."

"राहुरीवाले नको म्हणले हुते की."

"राहुरीवाले नव्हतेच. मी आपलं तोंडाला येईल ते सांगत गेले. चुकलं माझं."

आता हा लॅपटॉप मिटून माझ्या हातात देणार आणि पुन्हा पायरी चढू देणार नाही, अशी माझी खात्री झाली होती. द्यायलाच हवा होता. त्याने स्वतःचा फोटो मोठा करून बघितला. मग एकदम माझ्याकडे वळला. डोळे भरले होते आणि तोंड मात्र हसत होतं.

"म्हंजी मला कुनी न्हाई म्हनलंच न्हाई?"

"कुणीच नाही हो."

"आनि म्या आपला चार वर्सं समजतोय, सगळ्या जिल्ह्यानं नापास केलं!" तो इतका मोठ्याने हसला की गिरणीवाला पिठाच्या भुवयांनी आत डोकावून गेला. रडू मला आलं. लाजेचं म्हणा, कशाचं म्हणा. त्याने टेबलावरचं लॅपटॉप पुसायचं फडकं पुढे केलं, मी त्यालाच डोळे पुसले. आणि मग त्याने पुढची फाईल उघडली. अजून सव्वादोनशे बाकी होत्या.

त्या संध्याकाळपासून मी जशी हात धुऊन मागे लागले, तशी माझ्या पोटच्या मुलाच्या वेळी लागले नव्हते. पायाचं पहिल्या ओळीत लिहिलं, दुकान भाड्याचं तेही लिहिलं. तीन ठिकाणांहून नकार आले. खरेखुरे. मी ते सांगायला गेले की गडी मिटक्या मारत ऐकायचा. "काय म्हणले नेमकं? सांगा ना नीट. पाय का दुकान?" चौथी कोपरगावचीच, पण फाईल शोधली ती मुलगी नव्हे, एक अंगणवाडी ताई. बघायच्या कार्यक्रमात तीच सलग दीड तास बोलली आणि हा मान हलवत बसला. लग्न झालं. नोकरी तिची तिथली, म्हणून दुकान यानेच कोपरगावला हलवलं.

सावेडीतल्या त्या बोळात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दाराला चादर नाही, पीठ खुशाल आत येतं. परवा लॅपटॉपवर काहीतरी अडलं म्हणून मी सवयीने तिथवर गेले आणि कव्हरं बघून परत आले. वाईट वाटलं. स्वतःच जुळवलेल्या लग्नाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा त्याचा फोन आला होता. मागे बायकोचं बोलणं अखंड चालू.

"ताई, माझी फाईल हाय का अजून?"

"आहे."

"पुसून टाका. बिनमधी न्हाई बरं का. शिफ्ट दाबून डिलीट. कायमची."

शिफ्ट दाबलं, डिलीट दाबलं. लॅपटॉपने विचारलं, कायमचं पुसायचं का, परत मिळणार नाही. एरवी इथे माझा हात मागे येतो. साखरपुडे मोडतात, लग्नं मोडतात, माझा धंदा आहे, मला माहीत आहे. मी होय म्हटलं. आजवर अशी पुसलेली ती माझी एकच फाईल.