आळणीतली नाचणी

त्या दिवशी जेवताना माझ्या यजमानांच्या घशात भाकरीचा घास अडकला. पाणी प्यायल्यावर तो उतरला. रात्री पुन्हा अडकला. पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेत गाठ असल्याचं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, किरणोपचार देता येतील, पण अंगात ताकद हवी. आणखी वजन उतरलं तर देता येणार नाहीत, महिन्याने या. हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. मी विद्यापीठात आहारशास्त्र शिकवते हे यजमानांनी त्यांना आधीच कौतुकाने सांगून टाकलं होतं.

माझं संशोधनही नेमकं गिळण्याच्या अन्नाचं होतं. शाहूवाडीकडे बाळाचं दूध तोडताना नाचणीची पेज देतात. साधं पीठ शिजलं की फुगून घट्ट होतं. पातळ करावं तर वाटीत पाणीच जास्त. बाळाचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. नाचणीला मोड आणून, ती वाळवून, भाजून दळली की तेच पीठ शिजल्यावरही पातळ राहतं आणि वाटीत पुष्कळ जास्त मावतं. आम्ही त्यात डाळं, शेंगदाणे, गूळ घालून बघत होतो. विद्यार्थिनी चाखून गुण देत. उरलेले नमुने मी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आणत असे. यजमान गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. जेवण झालं की ते एकेक नमुना जिभेवर ठेवून निकाल देत.

"हे पुठ्ठा चिकटवाय ब्येस हाय की. शेजारी दे."

शेजारी पुस्तकबांधणी करणारं मुसलमान कुटुंब राहत होतं. माझा प्रबंध त्यांनीच बांधला होता. भिंतीपलीकडून लगेच उत्तर येई, "द्या चाचा, खळ संपलीच हाय!"

मिरजेहून आल्यावर मी यजमानांसाठी रोज मोडाच्या नाचणीची पेज करू लागले. दूध आणि गूळ घातलेली, सगळ्यांत जास्त गुण मिळालेली. तासांना जाण्याआधी दोन वाट्या झाकून ठेवत असे. आहारपाहणीची आमची एक साधी रीत आहे: वाढलेलं मोजायचं, उरलेलं मोजायचं आणि वजा करायचं. राहतं ते खाल्लेलं. संध्याकाळी मी परतले की वाट्या पुसल्यासारख्या रिकाम्या असत.

वजन ते अडतीवरच्या काट्यावर करून येत. गुळाच्या ढेपा ठेवतात तिथेच उभे राहत.

"तेवढंच हाय," ते घरी येऊन सांगत. "तोलार म्हणला, ढेप चांगली हाय, इकून टाका."

मी हसत असे. त्या महिन्यात मला झोपही बरी लागत होती.

महिन्याने मिरजेच्या दवाखान्यात त्यांना काट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी त्यांना खाली उतरवलं, पुन्हा चढवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आत्ता नको देऊया."

पेठेत आलो तेव्हा शेजारीण दारात होती. तिची धाकटी मुलगी कडेवर होती. आम्ही कुठून आलो ते तिला ठाऊक नव्हतं. ती आनंदाने म्हणाली, "बाई, चाचांनी पोरीला कसं बाळसं आणलं बघा की! सकाळ-दुपार सगळी पेज हिलाच भरवतात."

माझा चेहरा बघून ती थांबली. "तुमीच सांगितलंय म्हणून वाटलं मला."

यजमान कट्ट्यावर बसले. बराच वेळ त्यांनी चपला काढल्या नाहीत.

"गोड तोंडात धरवंना गं. आक्खा जलम गुळात गेला."

"मग सांगायचं की मला! आणि वजन?"

"घरात आलीस की पयलं वाटीत बघतीस. रिकामी दिसली की तुझं त्वांड असं काय हुतंय..." ते भिंतीकडे बघू लागले. "मग न्हाय सांगवलं खरं."

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. मटण आणून आळणी केली. तिखट न घालता शिजवलेल्या मटणाचं ते पाणी आमच्याकडे आजाऱ्याला आणि लहान मुलांना देतात. ते फडक्यातून गाळून त्यात मोडाच्या नाचणीचं पीठ शिजवलं. असं आम्ही प्रयोगशाळेत कधी केलं नव्हतं. वाटी घेऊन मी त्यांच्या शेजारी बसले. पहिला चमचा तोंडात ठेवून त्यांनी डोळे मिटले. घसा हलताना दिसला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. आणखी दोन चमचे घेतले. "पर हिला पास कर."

अर्धी वाटी गेली. त्यानंतर रोज अर्धीच जात असे, आणि ती संपेपर्यंत मी उठत नसे. पण गेलेलं वजन परत आलं नाही. किरणोपचार झाले नाहीत. दिवाळीच्या आधी ते गेले.

मी पुन्हा शिकवू लागले. गुळाची पेज पुढे काही बालवाड्यांत गेली; मुलं ती आवडीने खात. आहारपाहणीच्या तासाला मी तीच जुनी रीत शिकवते. फक्त एक वाक्य जास्तीचं सांगते, की उरलेलं मोजण्याआधी, खाणाऱ्याचं खाऊन होईपर्यंत त्याच्याजवळ बसा. मुली ते उतरवून घेतात. कुणी का म्हणून विचारत नाही.

शेजारची मुलगी आता शाळेत जाते. फडताळात मोडाच्या नाचणीचं पीठ असतं. घरात मी एकटी आहे.