गच्चीवरचं ओलं पोतं

मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझं सारं शहाणपण एका ओल्या पोत्यानं घालवलं.

गेल्या वर्षी आम्ही खानदेशात चार ठिकाणी उपग्रहांचे सिग्नल पकडणारी यंत्रं बसवली. मोबाइलवर रस्ता दाखवतात तेच सिग्नल. हवेत बाष्प जास्त असलं की त्यांना खाली यायला किंचित उशीर होतो. तो उशीर मोजला की डोक्यावर किती ओल साठली ते कळतं, आणि ती एकदम चढली तर वादळी पावसाची शक्यता धरायची. एक यंत्र मी हट्टानं सावद्याला, आबांच्या म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या गच्चीवर नेलं. मे-जूनच्या वादळात केळीची बाग तासाभरात आडवी होते. आधी कळलं तर तयार घड निदान कापून घेता येतात. काकू म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं." आबांनी मात्र यंत्रापुढे नारळ फोडला.

मे लागला आणि सावद्याचा आलेख रोज दुपारी उडी मारू लागला. संध्याकाळी पुन्हा खाली. दोनदा मी घाबरून फोन केला, दोनदा आबांनी कापणीची माणसं बोलावली, आणि दोनदा आभाळ कोरडं ठणठणीत राहिलं. उन्हानं यंत्राचं डोकं फिरलं, असं मी ठरवून टाकलं. जाऊन बघायला हवं होतं. पण पेपर तपासायचे होते, आणि आळस करायला मला तेवढं कारण पुरतं. सावद्याचे दुपारचे आकडे मी सरळ वगळू लागले.

त्या सोमवारीही उडी होती, जरा मोठी. मी वगळली. चारच्या सुमाराला वादळ आलं.

दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा सगळी बाग झोपलेली, घड चिखलात. आबा बांधावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तुह्यं यंत्र ठीक हाये. वारं सुटलं तसा पयत गेलो अन् पोतं काढून घेतलं."

"कसलं पोतं?"

"रोज दुपारी ओलं करून टाकतो त्याच्यावर. काय ऊन पडते! केळीच्या रोपाले आपुन ताग पेरून सावली करतो, मंग त्याले नको?"

रोजची उडी पोत्यातल्या पाण्याची होती. सोमवारच्या उडीत मात्र आभाळातली ओलही होती, आणि मी दोन्ही एकाच झाडूनं झाडून टाकल्या होत्या.

"पन बाई," आबांनी विचारलं, "त्यानं या बारीले सांगितलं कसं नाही?"

खरं सांगितलं असतं तर हा माणूस मरेपर्यंत स्वतःला दोष देत बसला असता. म्हणून म्हणाले, "आबा, त्याला वादळ कळतच नाही." माझा आळसही त्यातच झाकला गेला, हे मला बोलतानाच कळत होतं. त्याची लाज अजून जात नाही.

आबांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी यंत्रावर पोतं टाकलं नाही आणि त्याची चौकशीही केली नाही.

यंदा नवी बाग घडांनी लगडली. आलेख स्वच्छ येत होता. गेल्या आठवड्यात सकाळपासूनच ओल चढू लागली. दहाच्या आत मी फोन लावला, "आबा, तयार घड आजच कापून घ्या."

"गाडी उद्या येनार हाये. उद्या कापू."

"आबा, यंत्र सांगतंय."

"त्याले कुठं वादळ कयते?" ते समजुतीनं म्हणाले. "तूच तं सांगितलं होतं."

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. दुपारी बाग पुन्हा आडवी झाली.