चिंतामणीची टोचलेली पोथी

चिंतामणीचे हात कधी स्वस्थ बसत नसत. बोलताना तो धोतराच्या निऱ्या चाचपायचा, जेवताना वाटीच्या काठावरून बोट फिरवायचा, आणि नुसता ओट्यावर बसला असला तरी शहाबादी फरशीचा सांधा नखानं कोरत राहायचा. “अरे, ती फरशी काही पळून जायची नाही,” असं त्याच्या आई गोदावरीबाई म्हणायच्या. मग तो हसून हात मांडीखाली दाबून धरायचा. थोड्या वेळानं पाहावं तर बोटं पुन्हा फरशीवर.

लहानपणी देवी आल्या आणि त्याचे डोळे गेले. वडिलांनी त्याला मुंबईच्या अंधशाळेत ठेवलं. तिथून तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकून आला आणि ब्रेल लिपीही शिकून आला. खुर्च्यांचं गल्लीत कौतुक झालं. लिपीचं कुणाला काही कळेना. जाड कोऱ्या कागदावर उठलेली टिंबं, त्यांवर बोटं फिरवून हा वाचतो, हे पाहून शेजारची ईरम्मा म्हणाली, “अय्यो, तांदूळ निवडल्यावानी वाचतंय की हे पोरगं!”

आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात श्रावणी सोमवारी पोथी वाचायचा मान चिंतामणीच्या घराकडे होता. आजोबांनी वाचली, वडिलांनी वाचली. १९३३च्या वैशाखात वडील गेले. तेरावा झाला आणि त्याच संध्याकाळी चिंतामणी देवळाचे कारभारी गंगाधरपंत यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

“पंत, श्रावणात पोथी मी वाचणार.”

पंत वाईट माणूस नव्हते, पण रीतीला पक्के. “चिंतामणी, आवाज तुझा वडिलांसारखाच आहे. पाठही असेल सगळी. पण आपल्याकडे पोथी पाठ म्हणत नाहीत. तुझ्या वडिलांना काय पाठ नव्हती? तरी त्यांनी कधी अक्षरावरची नजर काढली नाही. पोथी समोर हवी आणि तिच्यातूनच वाचायला हवी. मी कुर्डुवाडीला शरच्चंद्राला कळवतो.”

शरच्चंद्र हा चिंतामणीचा चुलतभाऊ, रेल्वेत कारकून.

“पोथी समोर असेल की. तिच्यातूनच वाचेन.”

“कोऱ्या कागदातून?”

“पहिला सोमवार मला द्या. नाही जमलं, तर शरूला बोलवा.”

पंत एका सोमवारापुरते हो म्हणाले.

त्या दिवसापासून त्या घरात कुणाला चैन पडलं नाही. दुपारची कामं आटोपली की गोदावरीबाई छापील पोथी घेऊन बसायच्या आणि एकेक ओवी सांगायच्या. चिंतामणी पितळी चौकटीत कागद अडकवून टोचणीनं टिंबं टोचायचा. टोचायचं उजवीकडून डावीकडे. मग कागद उलटला की टिंबं वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. आमच्या ओट्यावर ती टकटक ऐकू यायची, आणि मायलेकरांची भांडणंही.

“आई, गाऊ नकोस. गायलीस की ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, कळत नाही.”

“पोथी काय बाजाराच्या यादीसारखी वाचू?”

“हो, तश्शीच वाच.”

आषाढात हवा दमट झाली आणि त्याची झोपच उडाली. ओल लागली की कागद मऊ पडतो आणि टिंबं खाली बसतात. पानं एकावर एक ठेवली तर वजनानं दबतील, म्हणून त्यानं घरभर दोऱ्या बांधून ती टांगली. एकदा सगळी चाचपून झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

“पानं आहेत का पापड?” गोदावरीबाई वैतागून म्हणायच्या, पण दोरीखालून जाताना डोक्यावरचा पदर आवरून धरायच्या.

पहिल्या सोमवारी गिरणीचा दुपारचा भोंगा झाला आणि देऊळ भरलं. पोथीपेक्षा चिंतामणीची बोटं पाहायला आलेलेच जास्त. चौरंगावर पानांची चळत मांडून तो हातपाय धुवायला विहिरीवर गेला. पोथीची पूजा करायचं काम बजाबाईचं, वर्षानुवर्षांचं. कुंकवात भिजवलेल्या अक्षता आणि एक फूल ती पोथीच्या पोटात, मधलं पान उघडून ठेवायची. छापील पोथीत ती अक्षरं चुकवून, समासातच ठेवी. ह्या पोथीत तिला एकही अक्षर दिसेना. सगळं पान मोकळंच, असं समजून तिनं ओल्या अक्षता भरल्या मुठीनं पानाच्या मधोमध वाहिल्या, वर फूल ठेवलं, वरची पानं परत ठेवली आणि हात जोडले.

चिंतामणी आला, बसला आणि वाचू लागला. उजवं बोट पुढे, डावं त्याच्या मागोमाग. समोर पंत मांडीवर छापील पोथी उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहत होते.

“पाठच म्हणतोय हो,” मागून एक जण कुजबुजला. “बोटं आपली दाखवायला.”

चिंतामणीनं ते ऐकलं असावं. पण बोट थांबलं नाही.

अध्याय निम्मा झाला आणि बोट थांबलं. त्यानं पानावरून हात फिरवला. फूल आणि दाणे हाताला लागले. ते त्यानं बाजूला सारले. खालचा कागद ओला आणि गुळगुळीत होता. हात वर गेला, खाली गेला, कडेला गेला. दोन्ही हात पानावर पिसाटासारखे फिरू लागले. देवळात चुळबुळ सुरू झाली. सुरू केलेला अध्याय अर्धा सोडत नाहीत, हे तिथल्या लेकरालाही ठाऊक होतं. मागे बसलेल्या गोदावरीबाईंचे ओठ हलू लागले. पुढची ओवी त्यांना येत होती. त्यालाही येत होती. म्हटली असती तर कुणाला पत्ता लागला नसता.

त्यानं हात वर उचलले. बोटं लाल झाली होती.

“इथून पुढं मला वाचता येत नाही. पान भिजलंय.”

“आरं देवा!” बजाबाई ओरडली. “मीच की! मला वाटलं, कोरंच हाय.”

“चिंतामणी,” पंत म्हणाले, “पुढच्या ओव्या तुला पाठ नाहीत?”

“आहेत.”

“मग म्हण की. अध्याय अर्धा ठेवता येत नाही.”

“पाठ म्हणायची नाही, असं तुम्हीच म्हणालात.”

पंतांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, पुन्हा लावला.

“भिजलेलं एकच पान आहे का?”

त्यानं पुढची पानं चाचपली. “एकच.”

“त्याच्या पुढचं पान कुठून सुरू होतं, तेवढं वाच.”

चिंतामणीनं पहिली ओळ वाचली. पंतांनी पोथीत ती शोधून बोट ठेवलं, आणि मधल्या ओव्या आपल्या किरट्या आवाजात स्वतः वाचायला लागले. दोनदा अडखळले. त्यांचं बोट जिथं पोचलं, तिथून चिंतामणीनं उचललं. अध्याय पुरा झाला.

आरतीनंतर तो पंतांजवळ गेला. “शरूला पत्र घालणार का?”

“कशाला? त्याला रेल्वेत कामं कमी आहेत का?” पंत म्हणाले. “ते पान तेवढं पुन्हा टोचून ठेव.”

पुढच्या सोमवारी बजाबाई मुठीत कोरड्या अक्षता घेऊन लांबच उभी. “चिंतामणी, ह्या कुटं ठिवू रं? मला न्हाय बाबा कळत तुजं.” त्यानं तिचा हात धरून चौरंगाच्या कोपऱ्यावर टेकवला. “इथं.”

पुढे कितीतरी श्रावण त्यानंच पोथी वाचली. पंत दर वेळी समोर मांडीवर छापील पोथी उघडून बसत. कुणी विचारलं तर म्हणत, “पान भिजलं तर असू दे.” आणि चिंतामणी वाचायला बसण्याआधी चळतीतलं प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत चाचपायचा, एकदा झालं की पुन्हा एकदा. बायका ताटकळायच्या.

“निवडून झालं का न्हाय अजून?” ईरम्मा ओरडायची. “भाताला आदण ठेवून आलोय की आमी!”